महानंदाबाईंचं फुकटचं लिनक्स

हे झालं सन दोन हजार चार साली. बाजार खुला झाल्याचं दिल्लीत जाहीर झालं त्याला तेव्हा बरीच वर्षं लोटली होती, पण बीडला तो दमादमानं येत होता. आधी जवळच्या पाली गावच्या टपरीवर विलायती कोला आला, मग घरोघरी केबल आली, मग एसटीडीच्या पिवळ्या बूथांपुढची रांग आटली आणि ज्याच्या त्याच्या खिशात मोबाईल वाजू लागला. त्याच ओघात जालना रोडवरच्या एका औषधांच्या ठोक दुकानात कॉम्प्युटर आला, आणि त्याच्यापायी एका शहाण्यासुरत्या घरात असं भांडण पेटलं, की पेठेतल्या म्हाताऱ्या अजून त्याची आठवण काढून हसतात.

दुकान गुरुलिंग आणि सिद्धाराम या दोन भावांचं, निम्मंनिम्मं. थोरले गुरुलिंगअप्पा आपल्या कापडाच्या दुकानात असायचे; औषधाचं दुकान धाकटे सिद्धाराम चालवायचे. सिद्धाराम एका उन्हाळ्यात तडकाफडकी गेले आणि गादी रिकामी झाली. लोकांना वाटलं, मुलगा मृत्युंजय बसेल. पण मृत्युंजय पडला भिडस्त. गावोगावच्या केमिस्टांकडं फिरून मालाची मागणी आणायची, चार ठिकाणी चहा प्यायचा, यात त्याचा जीव रमायचा. गादीवर जाऊन बसल्या त्या सिद्धारामांच्या बायको, महानंदाबाई. शिक्षण सातवी. औषधांची इंग्रजी नावं त्यांच्या जिभेवर वळत नसत, पण ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आधी अंगदुखीच्या गोळ्या किती मागवायच्या आणि आंब्याच्या दिवसांत जुलाबाचं औषध कुठल्या गावाला धाडायचं, हे त्यांना कुणी सांगावं लागत नसे.

त्यांना जोड मिळाली सुनेची. वर्षाराणी लातूरची, कॉम्प्युटरची पदवी घेऊन आलेली. ती आली तेव्हा दुकानातल्या यंत्रावर कुणीतरी औरंगाबादहून आणलेल्या चोरीच्या सीडीचा कारभार होता आणि दर महिन्याला त्यात व्हायरस शिरायचा. वर्षाराणीनं ते सगळं पुसून लिनक्स घातलं, म्हणजे कॉम्प्युटर ज्याच्या जोरावर चालतो ती दुसरी प्रणाली. लिनक्स फुकट मिळतं आणि ते चोरीचं नसतं, हे घरात समजावून सांगायलाच तिला जास्त वेळ लागला. आतल्या खोलीत स्टुलावर ठेवलेलं ते यंत्र, म्हणजे दुकानाचा सर्व्हर, त्यानंतर सुरळीत चालू लागलं. सगळी बिलं त्यात, कुठल्या खोक्यातलं औषध कधी मुदतीबाहेर जातं तेही त्यात.

आणि त्या सालच्या उन्हाळ्यात बातमी आली, की ज्या कंपनीचं ते लिनक्स होतं, तिनं फुकटच्या आवृत्तीच्या दुरुस्त्या बंद केल्या. पुढं पाहिजे असेल तर वर्षाची वर्गणी भरून कंपनीचं पक्कं लिनक्स घ्या, सोबत फोनवर मदत मिळेल. नाहीतर तुमचं तुम्ही बघा.

बातमी आली तशी मागोमाग अमरसिंहही आला. गेवराईकडच्या एका पुढाऱ्याचा हा मुलगा, औरंगाबादेत त्यानं कॉम्प्युटरची एजन्सी काढली होती. बोलायला मोकळा, हसायला मोठा. त्याला बोलावलं होतं अप्पांनी.

त्या दुपारी दुकानात अप्पा गादीच्या एका बाजूला, महानंदाबाई दुसऱ्या बाजूला. मध्ये जेमतेम दोन हातांचं अंतर. पण थोरल्या दिरांशी समोरासमोर बोलायचा त्या घरात दस्तूर नव्हता. लग्न होऊन आल्यापासून बाईंचं अप्पांशी बोलणं तिसऱ्याच्या तोंडून चालायचं.

"मृत्युंजया, अप्पांना इचार, चहा घेणार का सरबत?"

"मृत्युंजया, आईला सांग, चहाच बरा."

मृत्युंजय नुसता मान हलवायचा, कारण दोघांनी दोघांचं ऐकलेलंच असायचं.

"काकू, फुकटची चीज फुकटचीच असती," अमरसिंह म्हणाला. "उद्या बंद पडलं तर कुणाच्या गळ्याला धरणार तुमी? आमच्याकडं गळा तरी हाय धरायला."

अप्पा खदखदून हसले. कपाटाआडून वर्षाराणी म्हणाली, "गळा औरंगाबादेत हाय. हितून हात कसा पुरावा?"

"वहिनी, फोन हाय की. बंगळुराला लावायचा. इंग्रजीत सांगायचं, ते इंग्रजीतच इलाज सांगत्यात. न्हाईच जमलं तर माझा माणूस दुसऱ्या दिवशी एसटीनं येतो."

महानंदाबाईंनी पदर सारखा केला. "मृत्युंजया, पाव्हण्याला इचार, कागदात अजून काय काय हाय?"

कागदात बरंच होतं. त्यातलं एक कलम असं, की यंत्राचा मुख्य पासवर्ड एजन्सीच्या ऑफिसात राहील. दुकानातल्यांनी फक्त बिलं करायची, बाकी कशाला हात लावायचा नाही.

"म्हंजी दुकान आमचं आन् किल्ली तुमच्यापाशी?" बाई या वेळी थेट अमरसिंहालाच म्हणाल्या.

"काकू, सगळीकडं असंच असतंय. जिम्मेदारी आमची, तर किल्ली बी आमची."

"बघू," बाई म्हणाल्या आणि चहाचे कप उचलायला लावले.

संध्याकाळी स्वयंपाकघरात त्यांनी सुनेला समोर बसवलं. "खरं सांग. नवऱ्याचं न्हाई, सासूचं न्हाई, कुणाचं मन राखू नगंस. ते कंपनीचं घ्यावं का?"

वर्षाराणीनं तव्यावरची भाकरी उलटली. "आत्याबाई, कंपनीचं वाईट न्हाई. बँकेनं घ्यावं, मोठ्या दवाखान्यानं घ्यावं. त्यांची माणसं बदलत्यात, कंपनी जागेवर राहती. आपला पसारा केवढा? डेबियन म्हणून एक लिनक्स हाय. ते कुण्या कंपनीचं न्हाई. जगभरची माणसं मिळून बांधत्यात आन् वाटून टाकत्यात. दुरुस्त्या बी तीच माणसं पाठवत्यात. ते मला लावता येतं. पण त्यात बंगळुराचा फोन न्हाई. फोन म्हंजी मीच. मी आजारी पडले, बाळंतपणाला गेले, तर कोण?"

"तर मी."

"तुमी?"

"मला शिकीव."

वर्षाराणी हसली नाही, हे बाईंच्या लक्षात राहिलं.

"कपिलधारला दासोहाच्या पंगतीत जेवलीस न्हवं?" बाई म्हणाल्या. "तिथं ताटाचे पैसे कुणी मागत न्हाई. पण त्या भाकरी काय आभाळातून पडत्यात? आज जेवला तो उद्या वाढायला उभा राहतो. तुझं फुकटचं तसलंच हाय का?"

"तसलंच हाय."

"मंग त्यात लाजायचं कावून?"

दुसऱ्या दिवशी त्यांनी मृत्युंजयाच्या तोंडून अप्पांना निरोप दिला, की कंपनीचं घ्यायचं नाही. अप्पा कापडाचं दुकान तसंच टाकून आले. गादीशी उभे राहिले आणि भिंतीकडं बघत बोलले, "मृत्युंजया, आईला सांग. तिच्या मनासारखं होऊ दे. पण त्या यंत्रापायी एकदा जरी दुकान अडलं, तर गादी सोडायची. मंग अमरसिंहाच्या कागदावर मी सही करीन, आन् गादीवर माझा जावई बसल. कबूल का इचार."

मृत्युंजय आत वळला, तोच आतून बाईंचा आवाज आला, "कबूल."

एका रविवारी सुनेनं डेबियन घातलं. त्यानंतर दुपारी गिऱ्हाईक नसताना ती सासूला शिकवायला बसायची. बाईंना इंग्रजी अक्षरं सुटी ओळखता येत होती, पण त्यांची गोळाबेरीज जमत नव्हती. मग त्यांनी आपला मार्ग काढला. कळफलकावर बोटांची चाल पाठ केली, रांगोळीचे ठिपके पाठ करतात तशी. यंत्र उठवायचं, निजवायचं, दिवसाच्या कामाची नक्कल दुसऱ्या यंत्रावर काढून ठेवायची, एवढं त्या श्रावणापर्यंत बिनचूक करू लागल्या. मुख्य पासवर्ड फक्त दोघींना ठाऊक होता. मृत्युंजयानं एकदा विचारला तर वर्षाराणी म्हणाली, "आत्याबाईंना इचारा." आणि बाई म्हणाल्या, "तू अप्पांपुढं बसलास की तुझ्या पोटात काय बी राहत न्हाई, बाळा."

यंत्र अडलं नाही. पावसाळा गेला, दसरा गेला. अप्पा रोज सकाळी कापडाचं दुकान उघडायच्या आधी इकडं यायचे. निम्मं दुकान त्यांचं होतं, पूजेचा मान थोरल्याचा. गल्ल्याला, दाराच्या चौकटीला आणि आतल्या यंत्राला उदबत्ती ओवाळून, विभूती लावून ते जायचे. जाताना मृत्युंजयाला विचारायचे, "चालतंय का?" तो म्हणायचा, "चालतंय." अप्पा हूं करायचे. त्या हूंमध्ये आनंद होता की निराशा, ते कुणाला कळायचं नाही.

कार्तिकात अप्पा कपिलधारच्या यात्रेला गेले, मन्मथ माउलीचं दर्शन घेऊन आले. आणि ते आल्यावर थोड्याच दिवसांत यंत्रानं दगा दिला. सकाळी नीट सुरू व्हायचं आणि दुपारी ऐन गर्दीत फट्दिशी बंद. पुन्हा सुरू करावं तर घटकाभर चालून पुन्हा बंद. लिंबागणेशचा केमिस्ट साखरेच्या पेशंटची इंजेक्शनं न्यायला आलेला, तो पाटावर बसून राहिला. बिलं हातानं करावी लागली. कुठली खोकी मुदतीत आहेत ते उघडून बघावं लागलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशीही तेच.

वर्षाराणीनं आपलं सगळं काम उसवून पाहिलं. जे जे तिनं घातलं होतं ते ते पुन्हा तपासलं. चूक सापडेना. गावभर एकच बोललं जात होतं, फुकटच्या लिनक्सनं माती खाल्ली. ऐकून ऐकून तिलाही तसंच वाटू लागलं. "आत्याबाई, माझंच कुठंतरी चुकलंय," ती म्हणाली आणि रडली.

"रडायचं असंल तर पोटभर रड, पण चुकलंय म्हणू नगंस," बाई म्हणाल्या. "सापडल्याबिगर चूक कबूल करायची न्हाई."

सोमवारी सकाळी अप्पा आले ते बैठक घालायलाच. सोबत जावई, धुतल्या कपड्यांत. अमरसिंह कागद आणि सीडींची पिशवी घेऊन हजर. पेठेतली दोन वडीलधारी माणसं साक्षीला. मृत्युंजय दारात, आत यावं की बाहेर जावं या विचारात.

"मृत्युंजया," अप्पा भिंतीकडं बघत म्हणाले, "आईला सांग, शब्द दिला हुता."

जावयानं गादीकडं पाहिलं. बाई उठल्या नाहीत. मृत्युंजयानं तोंड उघडलं, तर त्यांनी हातानं त्याला गप्प केलं.

"तू ऱ्हाऊ दे," त्या म्हणाल्या, आणि मान वळवून सरळ अप्पांच्या तोंडाकडं पाहत बोलल्या. लग्नानंतर पहिल्यांदाच. "अप्पा, शब्द दिलता. यंत्रापायी अडलं तर सोडीन म्हणलं हुतं. ते फुकटच्या लिनक्सपायी अडलं, हे कुणी ठरवलं?"

अप्पांना आधी हेच समजेना, की उत्तर कुणाकडं बघून द्यायचं.

अमरसिंह मदतीला धावला. "काकू, त्याच्याबिगर दुसरं काय असणार?"

"मंग तुमचं घाला. आमच्या यंत्रावर, आत्ता, सगळ्यांदेखत. वर्षा, माहिती काढून ठेवली हाय न्हवं?"

"कालच दुसऱ्या यंत्रावर काढली."

"घाला, पाव्हणं. तुमचं चाललं तर मी उठते. किल्ली बी देते."

अमरसिंह खूश झाला. बाह्या सावरून बसला, सीडी घातली, कंपनीचं लिनक्स चढवायला सुरुवात केली. सगळे आतल्या खोलीच्या दाराशी गोळा झाले. पडद्यावर निळी पट्टी सरकत होती. यंत्र घरघरत होतं. जावयानं घड्याळ पाहिलं. साक्षीदारांपैकी एकानं विचारलं, "किती झालं बे?" "निम्मं," अमरसिंह म्हणाला. पट्टी निम्म्याच्या थोडी पुढं गेली असेल नसेल, यंत्र फट्दिशी बंद.

"लाईट गेली," जावई म्हणाला.

डोक्यावर पंखा फिरत होता. सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

अमरसिंहानं पुन्हा पहिल्यापासून चढवायला घेतलं. या वेळी ते आणखी लवकर बंद पडलं. त्याचा हसरा चेहरा उतरला, पण गडी लबाड नव्हता. "काकू, हे लिनक्सचं दुखणं न्हाई," तो म्हणाला. "ना तुमच्या, ना आमच्या. हे यंत्र तापतंय. हात लावून बघा."

"मंग उघडा."

"विकणाऱ्याचं सील हाय. फाडलं तर त्याची जिम्मेदारी संपली."

बाई पुढं झाल्या. अंगठ्याच्या नखानं त्यांनी ते चमचमतं सील खरवडून काढलं आणि बोटावरचा चिकट तुकडा जावयाच्या हातात दिला. "धरा. आता जिम्मेदारी माझी."

अमरसिंहानं स्क्रू काढून पत्रा बाजूला केला. आत पंखा होता तिथं पांढरा गोळा दिसत होता. पात्यांच्या मध्ये, खालच्या पत्र्यांच्या फटींत, सगळीकडं राखाडी पांढरी पूड घट्ट बसलेली, उदबत्तीच्या धुरानं चिकट झालेली. वारा जायला वाटच नव्हती. वर्षाराणीनं चिमूट उचलून नाकाशी नेली आणि सासूकडं पाहिलं. बाईंनी वास घ्यायची गरज नव्हती. रोज स्वतःच्या कपाळाला लावायची विभूती त्यांना अंधारातही ओळखता आली असती.

सगळ्यांच्या माना हळूहळू अप्पांकडं वळल्या.

अप्पा त्या पंख्याकडं बघत लहान मुलासारखे म्हणाले, "त्या जाळीशी चिमूट धरली की ते आत ओढून घ्यायचं. मला वाटायचं, विभूती मान्य झाली. म्हणून रोज जरा जास्त. कपिलधारहून पिशवी भरून आणलती, त्यातली तर..."

"कावून एवढी, अप्पा?" मृत्युंजयानं विचारलं.

"यंत्र चालावं म्हणून, दुसरं कावून! निम्मं दुकान माझं न्हाई का?"

साक्षीदार तोंडाला उपरणं लावून हसू लागले. अमरसिंहाला तर आवरेना, तो पिशवी पोटाशी धरून भिंतीला टेकला. अप्पा चिडले. "हसू नका. देवाची विभूती वाईट कशी असंल?"

"वाईट न्हाईच," महानंदाबाई म्हणाल्या. "पण अप्पा, विभूती कपाळाला लावत्यात. तुमी त्याच्या नाकात भरलीत."

यावर मात्र अप्पासुद्धा हसले, आणि दुकानातला ताण एकदम सैल झाला. मृत्युंजयानं चहा सांगितला. जावयानं तो चिकट तुकडा कुठं टाकावा म्हणून इकडंतिकडं पाहिलं. बैठक उठणार, तोच बाई म्हणाल्या, "बसा. अजून झालं न्हाई."

त्या गादीवर जाऊन बसल्या. डोईवरचा पदर ढळला नव्हता, आवाजही चढला नव्हता.

"अप्पा, मी जितले म्हणून गादी राखली, असं मला नगं. ती अट मागं घ्या."

"मृत्युंजया, आईला सांग, आता अटीचा सवालच कुठं राहिला?" अप्पा म्हणाले. "चूक तिची न्हवतीच."

"उद्या माझी असंल. यंत्र हाय, बिघडल. वर्षा चुकंल, मी चुकंन. बिंदुसरेला पूर आलता तवा हे दुकान किती दिवस चिखलात हुतं? आठवतंय न्हवं? माल वाहून गेला. तवा गादीवर हे हुते. तुमी त्यांना म्हणलात का, की दुकान अडलं, गादी सोड? तुमी फावडं घेऊन आलात. मग मलाच ही अट कावून? बाई हाय म्हणून?"

साक्षीदारांनी अप्पांकडं पाहिलं.

"मी बी त्या दिवशी कबूल म्हणले, ते चुकले," बाई पुढं म्हणाल्या. "आता न्हाई म्हणते. यंत्र धा वेळा बंद पडू द्या. मी हितंच बसणार, आन् हितं बसूनच ते दुरुस्त करून घेणार. लिनक्स कुठलं घालायचं ते बी हितूनच ठरल. तुमची निम्मी पाती हाय, तर सांगायचा हक हाय तुमचा. ऐकून घेईन. पण उठा म्हणायचं न्हाई."

अप्पा उठले, पायांत चपला सरकवल्या आणि दारातून वळून म्हणाले, "महानंदा, त्या पंख्याच्या जागी नवा बसवून घे. जुना पुसत बसू नगंस." त्यांनी मृत्युंजयाला मध्ये घातलं नव्हतं.

त्या दुपारी नवा पंखा आला. वर्षाराणीनं डेबियन पुन्हा घातलं, आणि दिवेलागणीच्या आत लिंबागणेशची इंजेक्शनं एसटीत चढली.

त्यानंतर अप्पा पाच वर्षं जगले. त्यांनी गादीचा विषय पुन्हा काढला नाही. उलट, कापडाच्या दुकानात कॉम्प्युटर घेतला तेव्हा वर्षाराणीलाच बोलावलं, आणि तिनं नको म्हटलं तरी कामाचे पैसे दिले. त्यांचा जावई पुण्याला गेला, तिथं बांधकामाच्या धंद्यात त्याचं बरं चाललं आहे. अमरसिंह एकदा जिल्हा परिषदेला उभा राहिला आणि पडला; मग एजन्सी मोडून ठिबक सिंचनाचं दुकान काढलं. आईची औषधं तो अजून महानंदाबाईंकडूनच नेतो. मृत्युंजयाला गावोगावच्या गोड चहानं साखरेचा आजार जडला, तरी फिरणं सुटलं नाही.

वर्षाराणीनं दोन बाळंतपणांनंतर स्वतःची छोटी कंपनी काढली. बीड आणि लातूरच्या दवाखान्यांचे सर्व्हर ती सांभाळते. त्यातली बरीच यंत्रं फुकटच्या लिनक्सवर चालतात. वर्षाराणीचा फोन मात्र फुकट नसतो, आणि तसं ती पहिल्या भेटीतच सांगते.

दुकान पुढं तिप्पट वाढलं. रात्रंदिवसाचं काम सुरू झालं, तेव्हा वर्षाराणीनं स्वतःच सांगितलं, की आता वर्गणीचं, कंपनीचं लिनक्स घ्यावं. महानंदाबाईंनी कागद वाचून घेतला, किल्लीचं कलम खोडून टाकलं आणि सही केली. "तेव्हा एवढ्या भांडलात, मग आता कसं घेतलं?" असं कुणी विचारलं तर त्या म्हणतात, "तवा बी मीच ठरवलतं, आता बी मीच ठरवलं."

त्यांना आता पंच्याहत्तरावं चालू आहे. गुडघे वाकत नाहीत, म्हणून गादी जमिनीवरून उचलून लाकडी खुर्चीवर ठेवली आहे. त्या तिच्यावर बसतात.